किती देतोस? जॉन्स्टन सिटीच्या क्यू क्लबचं प्रकरण

पूल म्हणजे स्नूकरचा अमेरिकी भाऊबंद. मोठ्या पैशाचा पूल ब्रेकपासून, म्हणजे बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्यापासून, सुरू होत नाही. तो सुरू होतो 'किती देतोस?' या प्रश्नापासून. दोघांपैकी जो तगडा, त्याने दुबळ्याला खेळाआधी किती सवलत द्यायची, यावर कधी दहा मिनिटं घासाघीस चालते, कधी दोन दिवस. ती तुटली तर क्यू, म्हणजे खेळायची काठी, पिशवीतच राहते. आपल्याकडच्या स्नूकर पार्लरमध्येही हे छोट्या प्रमाणात चालतंच. 'हरेल तो टेबल भरेल' याच बोलीवर मी खेळ शिकलो, आणि जाणता खेळाडू नवशिक्याच्या नावावर वीस-तीस पॉइंट आधीच मांडून द्यायचा. तेव्हा तो मला मोठेपणा वाटायचा. त्यामागे पक्का हिशेब असतो हे कळायला बरीच वर्षं गेली, आणि तो हिशेब नीट उमगला तो अमेरिकेतल्या एका खेडेवजा गावाची गोष्ट वाचताना.

ते गाव जॉन्स्टन सिटी. इलिनॉय राज्यातलं, पण शिकागोपासून गाडीने पाचेक तास दक्षिणेला, कोळशाच्या पट्ट्यात. नाव सिटी, वस्ती जेमतेम चार हजारांची. १९६१ ते १९७२ या काळात दर वर्षी पानगळीच्या दिवसांत अमेरिकेतले पैशावर खेळणारे सगळ्यात भारी पूल खेळाडू इथे जमायचे. जॉर्ज आणि पॉली जान्स्को या दोन भावांचा 'शो बार' नावाचा नाइट क्लब होता आणि त्याच्या मागे खास पूलसाठी बांधलेला 'क्यू क्लब'. दिवसा आणि संध्याकाळी स्पर्धा, आणि ती आटोपली की पहाटेपर्यंत पैशाचे डाव.

न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट सोडून ही माणसं या आडगावात का आली, आल्यावर एकमेकांना गंडवणं शक्य नसताना पैसा फिरला कसा, आणि बारा वर्षांत सगळं का आटोपलं, हे या प्रकरणातले प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. हसलरचा, म्हणजे आपला खरा खेळ लपवून पैसे काढणाऱ्याचा, धंदा अनोळखीपणावर चालतो. जान्स्को बंधूंनी त्याच माणसांना एका छताखाली आणून त्यांच्या चेहऱ्यांना नावं दिली. त्यामुळे फसवणूक बाजूला पडली आणि उरली ती खरी पारख. क्यू क्लब मोठा झाला तो यामुळे, आणि संपलाही यामुळेच.

आधीचा धंदा

हसलर म्हणजे नुसता चांगला खेळणारा नव्हे. तो हात राखून खेळतो. परक्या गावात जायचं, हॉलमधली लाकडी क्यू उचलायची, सोपे बॉल चुकवायचे, चार-सहा डॉलर हरायचे. समोरच्याला चढू द्यायचं, त्यानेच पैज वाढवायला हवी. मग नशिबाने जिंकल्यासारखं दाखवत जिंकायचं, आणि बकरा उठायच्या आत गाव सोडायचं. स्वतःची भारी क्यू दिसू नये म्हणून हॉलच्या साध्या क्यूसारखी दिसणारी, पण मधून उघडणारी क्यू मुद्दाम बनवून घेतली जायची. या धंद्याला दोनच गोष्टी लागतात: तुम्हाला कोणी ओळखता कामा नये, आणि समोरच्याच्या खिशात पैसा हवा.

दुसऱ्या महायुद्धात व्हर्जिनियातल्या नॉरफोकला यातली दुसरी गोष्ट भरपूर होती. अमेरिकी नौदलाचा मोठा तळ तिथला. पगार झालेले खलाशी, गोदीतले कामगार, आणि रात्रंदिवस जागं असलेलं गाव. देशभरचे खेळाडू तिकडे धावले. त्यांत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीचा लूथर लॅसिटर होता. हॉट डॉग खाण्याच्या नादामुळे त्याला 'विम्पी' म्हणत. त्या पाच-सहा वर्षांत त्याने पुलावर तीन लाख डॉलर कमावले असं पूलच्या इतिहासात सांगितलं जातं. आकडा तंतोतंत धरू नका, पण नॉरफोक ही त्या पिढीची सुगी होती याबद्दल कोणाचं दुमत नाही.

मग युद्ध संपलं, खलाशी घरी गेले. पन्नासच्या दशकात पूल हॉल एकामागून एक बंद पडू लागले. माणसं उपनगरांत राहायला गेली, संध्याकाळी टीव्हीपुढे बसू लागली, आणि धुरकट, तळघरातल्या हॉलांना घरंदाज लोक नाकं मुरडू लागले. विली मॉस्कोनीसारखा जगज्जेता १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ बॉल पॉट करून गेला, तरी हॉल काही भरले नाहीत. १९६० उजाडलं तेव्हा लॅसिटरच्या पिढीचे खेळाडू चाळिशीला टेकले होते. हात शाबूत होता, पण बकरे उरले नव्हते, आणि जिथे हॉल उरले होते तिथे यांना सगळे ओळखत होते.

१९६१ चा सप्टेंबर

त्या सप्टेंबरात दोन गोष्टी दोन आठवड्यांच्या आत घडल्या. १३ तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तारेवरून किंवा टेलिफोनवरून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पैजा घेण्याच्या धंद्यावर बंदी घालणारा कायदा सहीनिशी लागू केला. महिना संपता संपता पॉल न्यूमनचा 'द हसलर' हा चित्रपट झळकला. त्यातली हॉलची दृश्यं न्यूयॉर्कच्या एम्स बिलियर्ड अकॅडमीत चित्रित झाली होती आणि सल्लागार होता खुद्द मॉस्कोनी. म्हणजे सरकार जुगाराच्या मागे लागलं त्याच महिन्यात अख्ख्या देशाला पूलच्या जुगाराची भूल पडली. त्यानंतरच्या अकरा वर्षांवर या दोन्ही गोष्टींची सावली आहे.

जान्स्को बंधूंची पहिली स्पर्धा त्याच सालातली. मोजके खेळाडू, आणि खेळ एकच, वन पॉकेट. कनेक्टिकटचा जॉनी व्हेविस जिंकला. शेजारच्या डाउएल नावाच्या गावात रुडॉल्फ वँडरोन राहत होता, न्यूयॉर्कचा गलेलठ्ठ, तोंडाचा पट्टा अखंड चालणारा जुगारी. लग्न करून तो या भागात स्थिरावला होता आणि भटकी कुत्री-मांजरं सांभाळत होता. चित्रपट आल्यावर त्याने जाहीर केलं की त्यातलं मिनेसोटा फॅट्स हे पात्र माझ्यावरच बेतलंय. चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला तिच्या लेखकाने ते कायम नाकारलं. पण वँडरोनने नाव उचललं ते उचललंच, आणि पुढे जन्मभर तो मिनेसोटा फॅट्सच राहिला. एरवी हसलर आपलं नाव लपवतो. याने दुसऱ्याचं नाव पांघरून स्वतःला उजेडात आणलं.

इथे जागेबद्दल थोडं. विल्यमसन काउंटीचा इतिहास रक्तरंजित आहे. १९२२ मध्ये हेरिनला खाणीच्या संपात तेवीस माणसं मारली गेली. दारूबंदीच्या काळात या भागावर चार्ली बर्गरच्या टोळीची दहशत होती, आणि १९२८ मध्ये बेंटनला त्याला जाहीर फाशी दिली गेली. त्यामुळे 'तो भागच तसला, म्हणून जुगार खपला' असं अनेक जण लिहितात. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. जॉन्स्टन सिटीच्या उत्तरेला लागूनच वेस्ट फ्रँकफर्ट आहे, आणि १९५१ च्या नाताळाच्या चार दिवस आधी तिथल्या खाणीत स्फोट होऊन ११९ माणसं गेली. खाणी आटत चालल्या होत्या. अशा पट्ट्यात वर्षातून काही आठवडे मोटेलच्या खोल्या भरतात, हॉटेलांत रात्री दोनला अंडी तळली जातात, वर्तमानपत्रवाले येतात. गावाने डोळेझाक केली असेल तर तिच्यामागे हेही एक साधं, पोटाचं कारण असणार.

एकच पॉकेट

या स्पर्धेची सुरुवात वन पॉकेटने झाली याला अर्थ आहे, म्हणून हा खेळ जवळून बघू. टेबल नेहमीचं, पॉकेट सहा, बॉल पंधरा. पण जिथे रॅक, म्हणजे बॉलांचा त्रिकोण, लावतात त्या टोकाची दोनच कोपऱ्यांतली पॉकेट उपयोगाची, एक तुमचं आणि एक माझं. आपल्या पॉकेटमध्ये आधी आठ बॉल घालेल तो जिंकला. बॉल कुठलाही चालतो, पॉकेट मात्र आपलंच हवं.

त्यामुळे ब्रेकसुद्धा दणकून मारत नाहीत. पांढरा बॉल रॅकच्या कडेच्या बॉलला हलकेच घासून जातो. दोन-तीन बॉल सुटून माझ्या पॉकेटच्या बाजूला सरकतात, आणि पांढरा बॉल फिरत फिरत तुमच्या बाजूच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून थांबतो. आता तुमच्यापुढे सरळ मारायला एकही बॉल नाही, क्यूला नीट टेकू नाही, आणि घाईत काही हललं तर माझ्या पॉकेटच्या तोंडाशी बॉलांची रांग लागते. मग तुम्ही मारत नाही. तुम्ही पांढरा बॉल घोळक्याच्या मागे नेऊन लपवता. मग मी लपवतो. असे वीस-पंचवीस फटके बॉल न पडता जातात, आणि मग कोणाचा तरी बॉल चार बोटं जास्त घरंगळतो. दुसरा उठतो, खडू लावतो आणि एकाच पाळीत पाच-सहा बॉल काढून गेम संपवतो.

नवख्या प्रेक्षकाला हा खेळ कंटाळवाणा वाटतो. जुगाऱ्याला तो जीव की प्राण, कारण सवलत यात जितकी बारीक कापता येते तितकी दुसऱ्या कशात नाही. मी आठ घालेन, तू सात घाल. नाही जमत? मी आठ, तू सहा. मी नऊ, तू सात, आणि वर ब्रेक तुझा. एकेका बॉलने पारडं हलतं. नाइन बॉलमध्ये, म्हणजे नऊ नंबरचा बॉल घालेल तो जिंकला अशा खेळात, एखादा चांगला ब्रेक पडला की दुबळाही बाजी मारून जातो. तिथे सवलत म्हणजे आठ नंबरच्या बॉलवरही जिंकायची मुभा, किंवा टेबलावरच्या तारेत ओवलेल्या मण्यांनी गुण मोजतात त्या तारेवर आधीच सरकवलेले दोन-चार गेम. वन पॉकेट मात्र सोनाराच्या काट्यासारखा आहे.

पैसा कोणाचा होता

आता खरी मेख. क्यू क्लबमध्ये जमलेले सगळे एकमेकांना पुरते ओळखत होते. नॉक्सव्हिलचा 'बेअर' म्हणजे एडी टेलर, बँक शॉटचा, म्हणजे कुशनवर आपटवून बॉल घालण्याचा, बादशहा. मार्शल कार्पेंटर म्हणजे टस्कलूसाची 'खार'. लॅरी जॉन्सन 'बॉस्टन शॉर्टी'. 'वीनी बीनी' म्हणजे बिल स्टेटन, व्हर्जिनियात हॉट डॉगच्या टपऱ्या चालवणारा. ही टोपणनावं एके काळी आडोसा होती. इथे त्यांचा बिल्ला झाला. इथे कोणी हात राखून खेळला तर गॅलरीतले निम्मे लोक हसतील. मग पैसा कोणाकडून येणार?

तो यायचा पाठीमागच्या पैसेवाल्याकडून. पुष्कळ खेळाडू स्वतःच्या पैशावर खेळतच नव्हते. पैसेवाला रक्कम लावतो, खेळाडू खेळतो. जिंकलं तर नफा अर्धा-अर्धा, हरलं तर सगळा तोटा पैसेवाल्याचा. ही रीत पूलच्या जगात आजही चालते. माझे आकडे घालून ती मांडतो.

समजा पैज हजार डॉलरची आणि जोड अगदी बरोबरीची. जिंकलं तर पैसेवाल्याला पाचशे मिळतात, हरलं तर हजार जातात. दोन डावांत एक जिंकला, एक हरला, तर त्याचे पाचशे गेले. म्हणजे बरोबरीच्या सामन्यावर पैसे लावणारा दर डावामागे सरासरी अडीचशेला बुडतो. त्याला नुसतं पाण्याच्या वर राहायचं असेल तर त्याच्या खेळाडूने तीनपैकी दोन डाव जिंकले पाहिजेत.

आणि समोरच्याच्या मागेही पैसेवालाच उभा असेल तर? त्यालाही तीनपैकी दोन हवेत. एकाच डावात दोघांनाही दोन-तृतीयांश मिळणं गणितातच बसत नाही. म्हणजे पैसेवाले दोन्हीकडे असलेला प्रत्येक सामना जमतो तो दोघांपैकी निदान एकाचा अंदाज चुकलेला असतो म्हणून. कधी कधी दोघांचाही.

'किती देतोस?' ही घासाघीस इतकी का ताणली जायची ते या हिशेबातून उलगडतं. दोन्ही बाजूंना मनापासून वाटायला हवं की आपण समोरच्याला कापलं. परक्या गावातल्या बकऱ्याला खेळाडूच्या ताकदीचा पत्ताच नसायचा. इथे सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी मतं वेगळी होती. आज त्याचा हात कसा आहे, रात्रभर खेळून पहाटे चारला तो टिकेल का, मोठ्या पैशाखाली त्याचा हात आखडतो का, याच्या पारखीवर पैसा इकडचा तिकडे व्हायचा. मला हे जुन्या हसलिंगपेक्षा कितीतरी सरस वाटतं. परक्याला लुबाडण्यात कसब आहे, पण त्यात खेळाची शोभा नाही. सगळी पानं उघडी असताना पैज मारण्यात ती आहे.

तोच हिशेब खेळाडूच्या बाजूने केला की एक काळी फटही दिसते. बरोबरीच्या डावात त्याला निम्म्या वेळा पाचशे मिळणार, म्हणजे सरासरी अडीचशे. समोरचा स्वतःच्या पैशावर खेळत असेल आणि आपण मुद्दाम हरायचं ठरवलं, तर त्याने जिंकलेले हजार गुपचूप निम्मे वाटून घेता येतात. पाचशे, तेही नक्की. म्हणजे इमानाने जिंकून जेवढं मिळायचं तेवढंच विकून हरण्यात मिळतं, आणि हरण्यात धाकधूक नाही. आपल्याकडे कुस्तीत याला नुरा कुस्ती म्हणतात. पूलवाल्यांकडेही यासाठी शब्द आहेत आणि ते शिवीच्या जवळ जाणारे आहेत.

मग हा पाया ढासळला कसा नाही? कारण भोवती बसलेले डोळे. कोल्हापूरच्या मैदानात जाणती म्हातारी माणसं बसलेली असतील तर नुरा कुस्ती लपत नाही; पैलवानाचा डाव खरा होता की दाखवायचा, हे त्यांना पटावरून कळतं. क्यू क्लबच्या बाकांवर बसलेले तसेच होते, बहुतेक जण स्वतः खेळणारे. पॉकेटच्या तोंडाशी बॉल अडकला तर तो घाईने अडकला की मुद्दाम, हे त्यांना फटक्याच्या आवाजावरून समजणार. आणि पुढचे काही आठवडे सगळे त्याच गावात, त्याच मोटेलांत, त्याच न्याहारीच्या टेबलांवर. परक्या गावात गंडवून पळता येतं, इथे पळायला जागा नव्हती. खोटं कधीच घडलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण एका डावाच्या पाचशेसाठी पुढच्या दहा वर्षांचे पैसेवाले गमावणं परवडणारं नव्हतं, आणि तिथला इमान टिकला तो या दोरीवर.

लॅसिटर, वर्स्ट आणि टीव्ही

१९६२ पासून स्पर्धा वाढली. वन पॉकेट, नाइन बॉल आणि स्ट्रेट पूल (कुठलाही बॉल घाला, बॉलामागे एक गुण) असे तीन विभाग, आणि तिन्ही विजेत्यांतून एक सर्वंकष विजेता. सुरुवातीची वर्षं लॅसिटरची होती, नाइन बॉलमध्ये तर विशेष. पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा, सतत तब्येतीची तक्रार करणारा हा माणूस टेबलावर वाकला की सगळं विसरायचा. नॉरफोकच्या सुगीनंतर जवळपास पंधरा वर्षं त्याला योग्य मैदानच मिळालं नव्हतं. जॉन्स्टन सिटीने ते दिलं. केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी जान्स्को बंधूंचे आभार मानीन. जाहीर स्पर्धांच्या सभ्य जगाने, खुद्द मॉस्कोनीनेही, या माणसांना कायम दाराबाहेर ठेवलं होतं.

१९६५ ला मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सहून हॅरल्ड वर्स्ट आला आणि सर्वंकष विजेता होऊन गेला. तो मुळात थ्री कुशन बिलियर्ड्सचा. त्या टेबलाला पॉकेटच नसतात, आणि त्यात तो १९५४ मध्ये जगज्जेता झाला होता. पॉकेटवाल्यांच्या मापात तो बसेना. पुढच्याच वर्षी, चाळिशीच्या आत, कर्करोगाने तो गेला. त्या पिढीतला हा सगळ्यात मोठा घाव आहे असं मला वाटतं, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

एव्हाना एबीसी वाहिनीचा 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' हा कार्यक्रम जॉन्स्टन सिटीपर्यंत पोचला होता. १९६५ पासून जान्स्को बंधूंनी लास व्हेगासच्या स्टारडस्ट हॉटेलात दुसरी स्पर्धाही सुरू केली. कॅमेऱ्याने काय केलं? खेळाडूंना मान दिला, मॉस्कोनीच्या जगाशी बरोबरी दिली. पण जो चेहरा देशभर टीव्हीवर दिसला त्याला पुन्हा कुठल्याही गावात अनोळखी म्हणून शिरता येत नाही. परतीचा रस्ता बंद झाला. वर्षाचे उरलेले महिने पोटासाठी काय करायचं, हा प्रश्न अनेकांपुढे कायमचा उभा राहिला.

ज्याला हे साधलं तो एकटा फॅट्स. त्याने जॉन्स्टन सिटीत एकही स्पर्धा जिंकली नाही. पण कॅमेरा कशावर ठरतो हे त्याला बरोब्बर उमगलं होतं. पुढे १४ फेब्रुवारी १९७८ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात मॉस्कोनीने त्याला टीव्हीवर सहज हरवलं, तरी लोकांनी डोक्यावर घेतलं ते फॅट्सला. मॉस्कोनीचा राग मला समजतो. त्याच्या आयुष्यभराच्या शिस्तीपुढे हा माणूस नुसत्या जिभेवर उभा होता. पण एक गोष्ट फॅट्सच्या बाजूने बोलायला हवी: चार हजार वस्तीच्या गावात वार्ताहर पहिल्यांदा आले ते त्याच्यासाठी, आणि आल्यावर त्यांनी लॅसिटर पाहिला.

१९७२

१९६९ मध्ये जॉर्ज जान्स्को गेला. सगळ्यांशी गोडीने वागणारा, भांडणं मिटवणारा तो. पॉलीने स्पर्धा चालू ठेवली.

१५ ऑक्टोबर १९७० ला संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोठा केंद्रीय कायदा आला. त्यात जुगाराच्या धंद्याबद्दल एक कलम होतं: धंदा राज्याच्या कायद्याविरुद्ध असेल, चालवणारे पाच किंवा जास्त असतील, आणि तो तीस दिवसांहून अधिक सलग चालला असेल किंवा एका दिवसाची उलाढाल दोन हजार डॉलरची असेल, तर तो केंद्रीय गुन्हा. धंदा चालवणाऱ्याबरोबर त्याला पैसा पुरवणाराही त्यात सापडत होता. हे कलम माफियांचे अड्डे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं. पण क्यू क्लबसारख्या जागेला लावून पाहिलं तर? पाच माणसं सहज भरतात. मोठ्या डावाच्या रात्री दोन हजार एका टेबलावरून जातात. नुसता पैज लावणारा या कलमात येत नाही, धंदा करणारा येतो. मग खेळाडूच्या मागचा पैसेवाला पैज लावणारा की पैसा पुरवणारा? आपल्याकडच्या जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून नाल काढतो, तिथे धंदा कोणाचा हे उघड असतं. दोन खेळाडूंनी एकमेकांशी मारलेल्या पैजेत ते तितकं उघड नाही, आणि इथे प्रामाणिक मतभेदाला जागा आहे असं माझं मत.

१९७२ च्या स्पर्धेत केंद्रीय यंत्रणेचे लोक क्यू क्लबमध्ये शिरले. जुगाराच्या आरोपाखाली पॉली जान्स्को आणि काही खेळाडूंना अटक झाली. देशाच्या टीव्हीवर दिसलेली, दशकभर उघड चाललेली स्पर्धा त्या वर्षानंतर पुन्हा भरली नाही.

यात चूक कोणाची? मी बराच काळ सगळं खापर सरकारवर फोडत असे. आता तसं वाटत नाही. स्पर्धेच्या आडोशाने रात्रभर पत्ते आणि फासेही चालत होते, आणि त्यात पारखीचा नव्हे, निव्वळ नशिबाचा पैसा होता. जान्स्को बंधूंना दोन्ही हवं होतं: टीव्हीवरचा मान आणि मागच्या खोलीतला गल्ला. जो हॉल लपून चालतो त्याला लपून राहावं लागतं, जो उजेडात येतो त्याला पत्ते-फासे दाराबाहेर ठेवावे लागतात. पुलाच्या टेबलावरचा खेळ उजेड सोसण्याइतका खरा होता. त्याच्या शेजारी मांडलेला फड नव्हता, आणि तो बुडाला तेव्हा हा खेळही बरोबर घेऊन गेला.

मोठा पैसा नंतर डेट्रॉइटकडे सरकला. तिथे 'द रॅक' नावाच्या हॉलमध्ये 'कॉर्नब्रेड रेड' हे नाव मिरवणाऱ्या बिली बर्जने पुढची अनेक वर्षं वन पॉकेटचे डाव मांडले. घासाघीस तीच होती, आठाला सहा की आठाला सात. पण तिथे टीव्ही नव्हता, बाहेरून फक्त खेळ बघायला येणारी माणसं नव्हती, आणि हरल्या-जिंकल्याची नोंद ज्याच्या त्याच्या आठवणीत राहिली.

लॅसिटर एलिझाबेथ सिटीला आपल्या घरी परतला. घरात टेबल होतं. रोज एकटा त्यावर बॉल मांडायचा. ऑक्टोबर १९८८ मध्ये तो गेला, तेव्हा त्या टेबलाशेजारीच पडलेला सापडला.